बाबूराव कुठल्या चौकोनात?

प्रिय मुक्ता,

तुझं सहलीचं पत्र मिळालं. माझ्या माहेरी, कोल्हापूरला, तू या वेळी शाळेच्या रांगेतून हिंडलीस, त्यामुळे ते मी अगदी सावकाश वाचलं. प्रकल्पाच्या तक्त्यात तू चित्रकला, शिल्प, नाटक, संगीत, सिनेमा, कुस्ती असे चौकोन आखलेस आणि बाबूराव पेंटरांना कुठल्या चौकोनात बसवू म्हणून विचारलंस. हा प्रश्न तुला पडला याचा मला फार आनंद झाला.

बाबूराव मेस्त्री, म्हणजेच बाबूराव पेंटर, १८९० साली कारागिराच्या घरात जन्मले. ते आणि त्यांच्या नात्यातले भाऊ आनंदराव नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचे. तेव्हा रंगमंचावरचा राजवाडा, जंगल, रस्ता सगळं त्या पडद्यांवरच असे. मग फाळक्यांचा सिनेमा बघून दोघांनाही त्याचं वेड लागलं आणि कॅमेरा आपणच बनवायचा असं त्यांनी ठरवलं. आनंदराव १९१६ मध्ये गेले. बाबूरावांनी मात्र काम सोडलं नाही, सहकारी दामल्यांना सोबत घेऊन कॅमेरा पुरा केला. महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी करायला पैसे कोणी दिले असतील? तानीबाई कागलकरांनी, आणि तानीबाई गायिका होत्या! १९२० साली त्या कंपनीचा ‘सैरंध्री’ हा सिनेमा आला. पुढे बाबूरावांनी सिनेमातले रंगवलेले पडदे काढून खरेखुरे, आत वावरता येतील असे सेट उभारले. उभी हयात पडद्यांवर पोसलेल्या माणसाने हे केलं, याचं मला अजून नवल वाटतं.

दामले आणि फत्तेलाल हेही ब्रश हातात धरूनच या धंद्यात आले. ते दोघे, शांताराम आणि धायबर बाबूरावांची कंपनी सोडून निघाले आणि १९२९ मध्ये कोल्हापुरातच ‘प्रभात’ ही सिनेमा कंपनी सुरू झाली. १९३३ ला ती पुण्याला गेली. आज पुण्यात चित्रपट शिकवणारी मोठी संस्था आहे ना, ती त्याच जागेत आहे. आणि शिवाजी चौकातला महाराजांचा अर्धपुतळा तुम्ही बसमधून पाहिलात म्हणतेस, तोही बाबूरावांच्याच हातचा. तिथे गाडी थांबवायला हवी होती.

म्हणून माझं ऐक, त्यांना एका चौकोनात कोंबू नकोस. चौकोन राहू देत, पण बाण काढ. पडद्यापासून कॅमेऱ्याकडे, गाण्यापासून सिनेमाकडे. तुझा तक्ता गिचमिड दिसेल, दिसू दे.

खासबागेबद्दल तू लिहिलंस की कुस्तीचं मैदान कलेच्या सहलीत कशाला. मैदानाच्या पाठीला पाठ लावून काय आहे ते आठव: नाट्यगृह. शाहू महाराज १९०२ साली विलायतेला गेले तेव्हा रोमला त्यांनी जुनं क्रीडागार बघितलं, त्यावरून खासबागेची कल्पना सुचली असं सांगतात. मैदान १९१२ चं, आणि शेजारचं पॅलेस थिएटर १९१५ चं. पैलवानाला खुराक देणारा राजा गवई अल्लादियाखाँसाहेबांनाही दरबारी ठेवत होता. तालमीतलं पोरगं संध्याकाळी नाटकाला बसायचं, त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. आजोबा असेच होते, तुला माहीत आहे.

त्याच थिएटरला पुढे केशवराव भोसल्यांचं नाव दिलं. ‘ललितकलादर्श’ नाटक कंपनी काढणारा हा गायक नट जेमतेम एकतीस वर्षांचा असताना १९२१ ला गेला. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, त्यांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, नाट्यगृहाला आग लागली. त्या रात्री आजी फोनवर काही बोलूच शकत नव्हती. मी पहिलं संगीत नाटक तिथेच तिच्या मांडीवर बसून बघितलं होतं. रस्त्यावर नट होते, तंत्रज्ञ होते, शेजारपाजारची माणसं होती आणि सगळे रडत होते. तुम्हाला ती वास्तू बाहेरूनच दाखवली याचं वाईट वाटून घेऊ नकोस. एखाद्या गावाचं नाटकावर किती प्रेम असतं, हे तिथल्या माणसांकडून कळतं. पुढच्या वेळी एखाद्या पानवाल्याला विचार, तो तासभर बोलेल.

टाऊन हॉलच्या संग्रहालयातला पोसायडन, म्हणजे ग्रीकांचा समुद्रदेव, तुला आवडला हे छानच. ब्रह्मपुरीच्या टेकडीत सापडलेली ती ब्राँझची छोटीशी मूर्ती समुद्रापलीकडून आली, म्हणजे पंचगंगेकाठच्या माणसांचा व्यापार तेव्हा कुठवर पोचला होता बघ. पण आबालाल रहिमानांच्या चित्रांवर तू एक ओळसुद्धा लिहिली नाहीस. हा माणूस मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकला आणि कोल्हापूरला परतून रंकाळा तलाव, पंचगंगा, घाटावरची उन्हं रंगवत राहिला. तुझ्याकडे त्यांच्या चित्रांचे फोटो असतील तर पाण्यावरचा उजेड नीट बघ, आणि मग तू सकाळी काढलेला रंकाळ्याचा फोटो शेजारी ठेव.

दिवाळीत आपण आजीकडे जाऊ तेव्हा शिवाजी चौकात पायी जायचं. आणि खरी कॉर्नरला बाबूरावांच्या कंपनीची आठवण म्हणून कॅमेऱ्याचा स्तंभ उभारलाय, तोही बघायचा. तक्ता शाळेत देण्याआधी त्याचा फोटो मला पाठव. आनंदरावांचं नाव विसरू नकोस, ते बहुतेक जण विसरतात. आणि गुळाची ढेप मैत्रिणींना वाटून संपवलीस तरी चालेल, आजी आणखी पाठवते म्हणाली आहे.

तुझी,
आई