बोव्हिंग्टनचा मुखवटा

प्रिय अनिरुद्ध,

सप्रेम नमस्कार.

नगरच्या टँक म्युझियममध्ये ऐन मे महिन्यात तू एका रणगाड्यावर तळहात टेकवलास आणि चटका बसताच, "यात माणसं बसतात तरी कशी?" असे विचारलेस. काल इंग्लंडमधल्या डॉर्सेट परगण्यात, बोव्हिंग्टनच्या रणगाडा संग्रहालयात फिरताना मला तोच प्रश्न सारखा आठवत होता. पहिल्या महायुद्धातला, १९१६ चा ब्रिटिश रणगाडा मार्क १ इथे आहे आणि त्या प्रकारचा जगात हा एकच उरला आहे. तरी मी अधिक वेळ रेंगाळलो तो काचेमागच्या एका मुखवट्यापाशी.

धातूच्या पट्टीवर कातडे चढवलेले, डोळ्यांच्या जागी चिंचोळ्या फटी आणि खाली, जुन्या शिरस्त्राणांच्या मानेवर असते तशी, तोंडावर लोंबणारी बारीक कड्यांची जाळी. गोळी चिलखत भेदू शकली नाही, तरी तिच्या दणक्याने पोलादाच्या आतल्या बाजूचे तापलेले कपचे उडत आणि सांध्यांतून शिशाचे थेंब आत येत, म्हणून हा मुखवटा. कुंपणानेच शेत खावे, तसला हा प्रकार. त्या फटींतून नेम धरायला कितपत दिसत असेल, ही शंका मात्र काही केल्या जाईना.

मार्क १ मध्ये आठ माणसे आणि १०५ अश्वशक्तीचे डेम्लर इंजिन एकाच खोलीत, मध्ये साधा आडोसाही नाही. उष्णता ५० अंशांच्या घरात, वर धुराने घेरी येई. गाडी वळवायला चौघे लागत, आणि गोंगाटात हाक ऐकू येत नसल्यामुळे चालक इंजिनाच्या झाकणावर ठोकून मागच्या दोघा गिअरवाल्यांना इशारा देई. निरोप धाडायला कबुतरे होती. त्या भट्टीत त्यांची काय गत होत असेल! १५ सप्टेंबर १९१६ रोजी फ्रान्समधल्या फ्लेर्सच्या लढाईसाठी नेमलेल्या ४९ रणगाड्यांपैकी ३२ च आरंभरेषेपर्यंत पोहोचले. ही गाडी ताशी सहा किलोमीटरच्या वर जात नसे, म्हणजे आपण भराभर चाललो तरी तिच्या बरोबरीने जाऊ.

फ्रान्समध्ये फ्लेकिएर गावी 'डेबोरा' नावाचा मार्क ४, म्हणजे याच रणगाड्याचा पुढचा प्रकार, आहे. नोव्हेंबर १९१७ मध्ये कांब्रेच्या लढाईत तोफगोळे बसून त्यातले पाच जण गेले. अधिकारी फ्रँक हीप वाचला. गाडी पुढे खड्ड्यात पुरली गेली, ती १९९८ मध्ये उकरून काढली. आज ती जिथे ठेवली आहे, त्याला लागूनच त्या पाच जणांच्या कबरी आहेत. सप्टेंबरात तिकडे जाण्याचा बेत आहे.

तोवर माझे एक काम कर. नगरला जाशील तेव्हा तिथल्या जुन्या रोल्स-रॉइस चिलखती गाडीच्या पुढच्या फटी किती रुंद आहेत, ते बोटांच्या मापाने पाहून कळव. वहिनींना नमस्कार.

तुझा,
माधव