रात्रीचा पारा पण छापा

संपादक साहेब, नमस्कार.

मार्च लागला की तुमच्या पेपरात पहिल्या पानावर सोलापूरचा पारा येतो, 41, 42, 43, आणि आमच्या गल्लीत दिवसभर तोच आकडा चालतो. पण किमान तापमान किती होतं ते कधी असतं, कधी नसतं, असलं तरी कोपऱ्यात बारीक अक्षरात. माझी विनंती आहे की तो आकडा पण तेवढाच मोठा छापा, कारण हवा बदलतेय ती दुपारपेक्षा रात्री जास्त कळते.

आमचं घर पूर्व भागात. मी लहान असताना मे महिन्यात संध्याकाळी गच्चीवर बादलीनं पाणी मारायचो, मग गाद्या टाकायचो आणि पहाटे हमखास गारवा सुटायचा, पायाशी ठेवलेली चादर अंगावर ओढावीच लागायची. आता रात्री अकराला अनवाणी पाय ठेवला तर स्लॅब गरम लागतो आणि चादर उन्हाळाभर कपाटातून बाहेर निघत नाही. दिवसभर लूमवर उभं राहून आलेला माणूस रात्रभर नुसता कूस बदलत पडतो, अंग थंड व्हायला वेळच मिळत नाही, आणि सकाळी परत तेच.

लोक म्हणतात सोलापूर पहिल्यापासून तापतंच की, त्यात नवीन काय. दुपारचं खरंय. पण कार्बन डायऑक्साइड, मिथेन हे वायू येणारं ऊन फारसं अडवत नाहीत, तापलेली जमीन जी उष्णता परत वर सोडते ती अडवतात आणि त्यातली काही खाली पाठवतात. ऊन फक्त दिवसा येतं, जमीन मात्र रात्रभर उष्णता सोडत असते, म्हणून रात्री पाहिजे तेवढ्या गार होत नाहीत. जानेवारीत आभाळ मोकळं असलं की काकडतो आणि ढग आले की थंडी पळते हे आपण सगळे बघतोच, तिथं ढग आणि वाफ हेच काम करतात.

हे वायू मुळात वाईट नाहीत, ते नसते तर पृथ्वीचं सरासरी तापमान शून्याखाली 18 अंशांच्या आसपास असतं, आज ते साधारण 15 आहे. बिघडलंय ते प्रमाण. कारखाने यायच्या आधी हवेच्या दहा लाख रेणूंत कार्बन डायऑक्साइडचे 280 होते, 1958 ला हवाई बेटांवर मौना लोआ इथं मोजायला सुरुवात केली तेव्हा 315 भरले, आता 420 च्या वर गेलेत, आणि हे मुख्यतः कोळसा, डिझेल, पेट्रोल जाळून झालंय. कोणी म्हणतं सूर्यच जास्त तापतोय, पण तसं असतं तर वरची हवा पण तापली असती, उलट खालची तापतेय आणि वरच्या थरातली गार होतेय असं मोजमाप आहे. सिमेंटचे रस्ते आणि तोडलेली झाडं शहरात भर घालतात हे मान्य, पण समुद्राचं पाणी सुद्धा तापलंय, तिथं तर सिमेंट नाही ना.

तापलेली हवा वाफही जास्त धरते, एका अंशाला साधारण 7 टक्के, मग पडतो तेव्हा एकदम कोसळतो. सप्टेंबर 2025 ला सीनेच्या पुरानं माढा, मोहोळकडं काय झालं ते तुमच्याच पेपरात आलं. तो एक पूर फक्त ह्यामुळंच आला असं मी म्हणत नाही, पण असे पाऊस वाढणार हे नक्की.

म्हणून रोजचं कमाल, किमान शेजारी शेजारी द्या, आणि जमलं तर त्याच तारखेला 10 आणि 20 वर्षांपूर्वी रात्री किती होतं ते पण द्या. सासूबाई विड्या वळताना माझ्याकडून पेपर वाचून घेतात, पारा किती हा त्यांचा पहिला प्रश्न असतो. लगेच दुसरा येतो, रात्रीचा किती होता गं, झोप लागली नाही. तेव्हा मला पेपरात आकडा सापडत नाही.

आपली एक वाचक,
पूर्व भाग, सोलापूर