आधी तालीम, मग ठाण
विद्यार्थी आंदोलनांवरच्या लेखांत त्यांची तालीम हमखास वगळली जाते. फेब्रुवारी १९६० मध्ये अमेरिकेतल्या नॅशव्हिलचे कृष्णवर्णीय विद्यार्थी दुकानांतल्या गोऱ्यांसाठी राखीव जेवणाच्या काउंटरवर ठाण मांडून बसले, त्याआधी अहिंसक आंदोलनाचे प्रशिक्षक जेम्स लॉसन त्यांच्याकडून काही महिने सराव करून घेत होते. काही जण हल्लेखोर बनत, शिव्या देत, खुर्चीवरून खाली ओढत. बाकीच्यांनी हात उगारायचा नाही. नियम लेखी होते: ताठ बसा, तोंड काउंटरकडे, उलट शिवी नको. एक तुकडी अटकेत गेली की दुसरी लगेच त्याच खुर्च्यांवर! राखीव तुकडी नसेल तर ठाण पहिल्याच अटकेत संपते. १० मे रोजी सहा दुकानांनी काउंटर सर्वांना खुले केले.

ठाण मांडणे सगळ्यांना जमत नाही, पण विरोधाचे इतर मार्गही असतात. सर्बियाच्या राजधानीत, बेलग्रेडमध्ये, १९९६-९७ च्या हिवाळ्यातल्या सरकारविरोधी आंदोलनात लोकांनी सरकारी वाहिनीच्या संध्याकाळी साडेसातच्या बातम्या सुरू होताच खिडक्यांतून भांडी बडवली. त्यात म्हाताऱ्यांनाही घरातून भाग घेता आला.