आधी हेल्पडेस्कला सांगा

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

विद्यापीठाची संगणक यंत्रणा बंद पडली की बातमी होते आणि खापर सर्व्हरवर फुटते. पुष्कळदा सर्व्हर आधी ठरलेल्या देखभालीसाठीच बंद केलेला असतो. फक्त ते सांगायचे राहून गेलेले असते. तंत्रज्ञान विभागात नेटवर्क, सर्व्हर, सॉफ्टवेअर, सुरक्षा आणि हेल्पडेस्क अशी वेगवेगळी पथके असतात. प्रत्येकाची स्वतःची मेलिंग लिस्ट आणि स्वतःचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. नेटवर्कवाल्यांना वाटते सर्व्हरवाल्यांनी कळवले असेल, सर्व्हरवाल्यांना वाटते हेल्पडेस्कने. आणि हेल्पडेस्कवर बसलेल्या माणसाला बिघाड कळतो तो पहिल्या तक्रारदाराच्या फोनवरून. या गोंधळाला यंत्राइतकीच शिस्त लागते, म्हणून हे पत्र.

सूचनांची जबाबदारी एकाच व्यक्तीकडे असावी आणि तिच्या रजेच्या दिवसांसाठी दुसरे नाव आधीच ठरलेले असावे. तिच्याकडे सगळ्या पथकांचे मिळून एकच वेळापत्रक हवे. काय बंद होणार, किती ते किती, कोणत्या विभागांना झळ बसेल, काम कोण करणार आणि बिघडले तर किती वाजता माघार घ्यायची, एवढे प्रत्येक नोंदीत असावे. यातला शेवटचा मुद्दा हमखास गाळला जातो. काम पहाटे ४ वाजता संपायचे असेल आणि जुनी व्यवस्था परत आणायला दीड तास लागत असेल, तर माघारीचा निर्णय अडीच वाजता व्हायलाच हवा. नोंद किमान १० कामाचे दिवस आधी यावी, म्हणजे परीक्षेचे अर्ज, प्रवेशाची अंतिम तारीख किंवा पगाराची रात्र आड येते का, हे त्या त्या विभागाला विचारता येते.

सांगण्याचा क्रमही महत्त्वाचा. आधी हेल्पडेस्क, मग प्रत्येक विभागातली एक ठरलेली व्यक्ती, मग सगळे. हेल्पडेस्कला किमान एक दिवस आधी सूचनेचा मसुदा आणि लोक हमखास विचारतील अशा चार-पाच प्रश्नांची उत्तरे मिळाली पाहिजेत. मसुद्यातली संदिग्धता तिथेच पकडली जाते, कारण लोक काय चुकीचे समजतील हे हेल्पडेस्कवाल्यांइतके कोणालाच ठाऊक नसते.

सूचनेच्या पहिल्या ओळीत वाचणाऱ्याचे काय अडणार ते असावे. ‘स्टोरेज मायग्रेशन’ हे आपल्या पथकाचे काम झाले. प्राध्यापकाला कळायला हवे ते ‘शनिवारी रात्री १० पासून गुण भरता येणार नाहीत’ हे. ‘शुक्रवारी रात्री १२ वाजता’ असे तर कधीही लिहू नये. अर्धे लोक त्याचा अर्थ गुरुवार संपतानाची मध्यरात्र घेतात, अर्धे शुक्रवार संपतानाची. रात्री ११:५५ लिहावे आणि सुरुवात-शेवट दोन्हीपुढे वार आणि तारीख द्यावी. सूचना आठवडाभर आधी, दोन दिवस आधी, त्याच दिवशी सकाळी आणि काम संपल्यावर जावी. चौथी बहुतेक ठिकाणी जातच नाही, आणि यंत्रणा सुरू होऊनही लोक दुपारपर्यंत थांबून राहतात. सूचना चित्राच्या रूपात पाठवू नये. अंध सहकाऱ्याचे स्क्रीन रीडर ती वाचू शकत नाही.

‘खाते २४ तासांत बंद होईल, येथे क्लिक करा’ अशी मेल विभागानेच पाठवली, तर उद्या भामट्याची तशीच मेल लोकांनी का ओळखावी? पासवर्डविषयीच्या सूचनेत लिंक नकोच. विद्यापीठाच्या मुख्य पानावरून कुठे जायचे ते शब्दांत सांगावे आणि तीच सूचना अधिकृत पानावर ठेवावी, म्हणजे शंका आलेल्याला पडताळता येते.

मेल पाठवली म्हणजे पोहोचली असेही नाही. एसपीएफ पडताळणीत (मेल परवानगी असलेल्या सर्व्हरवरूनच आली का, ही तपासणी) डीएनएसकडे, म्हणजे नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणाऱ्या व्यवस्थेकडे, होणाऱ्या चौकश्यांना १० ची मर्यादा आहे. आपल्या नावाने मेल पाठवणाऱ्या प्रत्येक नव्या सेवेची नोंद वाढत जाऊन ती ओलांडली की पडताळणीच अपयशी ठरते. अनेकजण विद्यापीठाची मेल वैयक्तिक खात्यावर वळवतात. तिथे पाठवणारा सर्व्हर बदलतो आणि एसपीएफ तुटते. डीकिम ही मेलवरची डिजिटल सही टिकू शकते, पण मेलिंग लिस्टने खाली तळटीप जोडली की मजकूर बदलतो आणि तीही तुटते. जीमेलने फेब्रुवारी २०२४ पासून दिवसाला सुमारे ५००० किंवा जास्त मेल पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क (या तपासण्यांत नापास झालेल्या मेलचे काय करायचे ते सांगणारी नोंद) तिन्ही सक्तीचे केले आहेत. तेव्हा तळटीप बंद करणे हा सर्वांत स्वस्त उपाय. मेल कोणाकोणाला जायची ती यादीही हाताने सांभाळू नये, आस्थापना विभागाच्या नोंदीवरून रोज रात्री आपोआप बनावी. कंत्राटी कर्मचारी, अभ्यागत व्याख्याते आणि रात्रपाळीचे लोक हाताच्या याद्यांतून हटकून गळतात. लिस्टवर लिहिण्याचा अधिकार मोजक्यांनाच असावा, नाहीतर एकाच ‘सर्वांना उत्तर’मधून शेकडो मेलचा पूर येतो.

अचानक बिघाड झाला तर १५ मिनिटांत पहिला निरोप जावा, कारण माहीत नसले तरी. त्यानंतर दर अर्ध्या तासाने, नवे काही नसले तरी. दुरुस्ती करणाऱ्याने निरोप लिहीत बसू नये. ते काम दुसऱ्याचे. मेलच बंद असेल तर एसएमएस, आणि इथे मराठीत एक अडचण आहे. इंग्रजी एसएमएसमध्ये १६० अक्षरे मावतात, देवनागरीत ७०. त्यापुढे गेले की प्रत्येक तुकड्यात ६७. शिवाय काना, वेलांटी, हलन्त सगळे वेगळे मोजले जाते. दिसायला चार अक्षरांचा ‘विद्यापीठ’ हा शब्द ९ जागा खातो. म्हणून मसुदे आधीच तयार ठेवावेत: ‘ईमेल १०:१० पासून बंद. दुरुस्ती सुरू. पुढची माहिती १०:४५ ला.’ हा एका एसएमएसमध्ये बसतो.

सद्यस्थितीचे पान (काय सुरू, काय बंद ते दाखवणारे) विद्यापीठाच्या जाळ्याबाहेर आणि वेगळ्या डोमेनवर, म्हणजे वेगळ्या वेबनावावर, असावे. स्वतःचे डीएनएस कोसळले की त्याच डोमेनवरचे पानही उघडत नाही. पथकप्रमुखांच्या फोन नंबरांची यादी कागदावर छापलेली असावी, कारण लॉगिनच बंद असेल तर ऑनलाइन यादी कोणाला दिसणार? सर्व्हरचा पत्ता बदलणार असेल तर डीएनएस सांभाळणाऱ्याला किमान दोन दिवस आधी सांगावे. पत्त्याच्या नोंदीची मुदत (इतर यंत्रणा जुना पत्ता किती वेळ लक्षात ठेवतात तो काळ) ८६४०० सेकंद, म्हणजे एक दिवस असेल, तर ती ३०० सेकंदांवर आणल्यानंतरही जुनी मुदत संपायला एक दिवस लागतो. ऐन वेळी सांगितले तर काही जण जुन्या सर्व्हरवर, काही नव्यावर जातात आणि हेल्पडेस्कला दोघांच्या तक्रारींचा मेळ लागत नाही.

आपल्या वार्ताहरांना एक विनंती. अशा बिघाडाची बातमी करताना यंत्रणा किती तास बंद होती याबरोबरच, पहिली सूचना किती वाजता गेली आणि हेल्पडेस्कला ती त्याआधी मिळाली होती का, हेही विचारावे.

आपले,
विद्यापीठीय तंत्रज्ञान विभागात सूचना-समन्वयाचे काम पाहणारे कर्मचारी