तिचं चालणं तिचंच राहू दे

चि. सारंग यास,
अनेक आशीर्वाद.

मृण्मयीला एमएस, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जासंस्थेचा आजार, असल्याचं कळल्यावर परवा फोनवर तू म्हणालास, "आई, आता मी तिला काही म्हणजे काही करू देणार नाही." तुझा जीव किती कासावीस झालाय ते आवाजावरूनच कळलं. पण ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. मी उभी हयात फिजिओथेरपीत काढली, त्यातली बरीच वर्षं मज्जासंस्थेच्या आजारांच्या पेशंटबरोबर. एमएस झालेल्या माणसाचं बळ घरच्यांच्या मायेपोटीच कसं कमी होत जातं, हे मी फार वेळा पाहिलंय. आधी बादली हातातून काढून घेतात, मग जिना बंद होतो, मग बाहेर जाणं. वर्षभराने पाय बारीक झालेले असतात आणि सगळे म्हणतात, आजार वाढला. त्यातला आजार किती आणि नुसतं बसून राहणं किती, हे मग डॉक्टरांनाही वेगळं काढता येत नाही.

आधी आजाराबद्दल थोडं. आपलीच प्रतिकारशक्ती मेंदू, मज्जारज्जू आणि डोळ्यांच्या नसांवरच्या मायलिन नावाच्या आवरणावर हल्ला करते. वायरवरचं प्लास्टिक जागोजागी सोलवटलं तर होईल तसं होतं. संदेश रेंगाळतो, कधी पोचतच नाही. मृण्मयीला एका डोळ्याने धुरकट दिसत होतं आणि डोळा फिरवला की दुखत होतं, ते त्यामुळेच. बऱ्याच जणांत हा आजार पहिल्यांदा डोळ्यातच दिसतो. तो बायकांमध्ये पुरुषांपेक्षा दुपटीहून अधिक आढळतो, आणि निदान बहुतेकदा विशी ते चाळिशीच्या दरम्यान होतं. तिने कामाची दगदग केली म्हणून झाला, असं कुणी म्हणालं तर तिथल्या तिथे थांबव. तिच्यासमोर तर नक्कीच. तिला सांगितलेला रिलॅप्सिंग-रिमिटिंग हा प्रकार सुरुवातीला सुमारे ८५ टक्के लोकांत असतो. त्यात अटॅक येतो, ओसरतो, मधला काळ बरा जातो.

मी शिकत होते तेव्हा या पेशंटना दमू देऊ नका, असंच सांगायचे. व्यायामाने अंग तापतं, अंग तापलं की लक्षणं वाढतात, म्हणून विश्रांती. १९९६ साली अमेरिकेतल्या युटा विद्यापीठातल्या संशोधकांनी एमएसच्या पेशंटकडून १५ आठवडे, आठवड्यातून तीनदा, हातापायांनी चालवायच्या सायकलवर व्यायाम करून घेतला. त्यांचा दमसास वाढला, ताकद वाढली, आणि आजार बळावला नाही. पुढे असे बरेच अभ्यास झाले. २०२० मध्ये अमेरिकेच्या नॅशनल एमएस सोसायटीच्या तज्ज्ञांनी तर आठवड्याला निदान १५० मिनिटं व्यायाम किंवा हालचाल, ज्याच्या त्याच्या ताकदीप्रमाणे, हळूहळू वाढवत नेलेली, अशी शिफारस केली. तू तिला जपायला निघालायस ना, मग जपण्यात हे धर.

उष्णतेचं मात्र खरं आहे, आणि ते तुला नीट कळलेलं हवं, नाहीतर पहिल्याच दिवशी घाबरशील. ती वीस मिनिटं चालून येईल आणि म्हणेल, पुन्हा धूसर दिसतंय, पाय जड झालाय. जर्मन नेत्रतज्ज्ञ उथहॉफ यांनी १८९० मध्येच हे नोंदवून ठेवलंय. अंगाचं तापमान अर्ध्या अंशाने वाढलं तरी आवरण गेलेल्या नसेतून संदेश अडखळतो. अंग निवलं की पूर्ववत. त्याने नवीन इजा होत नाही. तिला पंख्याखाली बसव, मनगटांवर, मानेवर गार पाणी लाव, प्यायला गार पाणी दे. व्यायामाला निघायच्या आधी गार पाण्याने अंघोळ केली तर पुष्कळांना जास्त वेळ जमतं. आणि वेळ सकाळची ठेवा, कारण या आजाराचा थकवा दिवस चढेल तसा वाढतो.

खरा अटॅक वेगळा. नवीन लक्षण, किंवा जुनंच पुन्हा जोरात, २४ तासांहून जास्त टिकलं, आणि ताप किंवा इन्फेक्शन नाही, तर त्याच दिवशी न्यूरोलॉजिस्टना कळवा. लघवीच्या इन्फेक्शनने हुबेहूब अटॅकसारखं वाटतं, म्हणून ती तपासणी आधी होते. अटॅकमध्ये बहुधा तीन ते पाच दिवस स्टेरॉइड देतात. त्याने माणूस लवकर सावरतो, पण पुढचे अटॅक टाळायचं काम रोजच्या औषधाचं. ते औषध घेऊन बरं वाटत नाही. त्याचा उपयोग न घडलेल्या गोष्टीत असतो. म्हणून सगळं ठीक चाललंय, आता कशाला औषध, असा विचार सहा महिन्यांनी घरात शिरतो. तो तुझ्या तोंडून निघू नये. मुलाचा विचार असेल तर तोही डॉक्टरांशी आधी बोला, काही औषधं दिवस राहण्याच्या आधी थांबवावी लागतात. मूल होणं या आजारात मना नाही.

आता तुझं काम. तिच्या मागे मागे फिरू नकोस, पण कान ठेव. चालून परतताना एका चपलेचा घासल्याचा आवाज यायला लागला, तर पाऊल पुरतं उचललं जात नाहीये असं समज. अशा वेळी हात धरून ओढत घरी आणायचं नाही. थांबायचं, दोन मिनिटं बसायचं, आणि उद्या त्या आवाजाच्या आधीच परतायचं. आठवडाभर रोज तेच होत असेल तर फिजिओला दाखवा. तळपायाला आधार देणारी स्प्लिंट असते, तिने फार फरक पडतो. घरी खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं, भिंतीजवळ एका पायावर उभं राहणं, एवढ्यापासून सुरुवात पुरे. भिंत हाताशी असू दे, तुझा हात नको. तिला लागला तर ती मागेल.

थकव्याबद्दल तिच्यावर विश्वास ठेव. झोप पूर्ण होऊनही अंगात त्राण नसणं हे या आजारात फार जणांना होतं, आणि बाहेरून काहीच दिसत नाही. "तू तर छान दिसतेस" हे तिला रोज ऐकावं लागणार आहे, निदान घरात तरी नको. पण ती दमली म्हणून तिचं काम परस्पर करून टाकायचं, हेही नको. तिला विचार, आज काय ठेवायचं, काय सोडायचं. तिला बाहेर जायचं असेल तर त्या दिवशीचं घरकाम तू उचल. ताकद कशावर खर्च करायची हे तिने ठरवायचं.

लघवी घाईची लागते म्हणून ती पाणी कमी पिईल, बहुतेक जण पितात. तसं करू देऊ नकोस, त्याने इन्फेक्शन वाढतात. त्यावर औषधं आहेत, ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम आहेत. लाज न वाटता बोलता आलं पाहिजे, आणि ते वातावरण तूच करू शकतोस. मन खचलं तर तेही डॉक्टरांना सांगायचं लक्षण आहे. नैराश्य या आजारात नेहमीपेक्षा बरंच जास्त दिसतं.

आणि तू. तुझं पोहणं बंद केलंयस असं कळलं. उद्यापासून सुरू कर. तिच्या आजारामुळे तुझं सगळं सुटलं, हे ओझं तिच्या अंगावर घालू नकोस. रडू आलं तर मला फोन कर, कितीही वाजले असू देत.

मी यायला तयार आहे, पण ती म्हणेल तेव्हा. एमआरआयचे रिपोर्ट मला बघायचे आहेत. पाठवायच्या आधी तिला विचार.

तुझी
आई