‘विकृत’ म्हणून मोकळे होणे पुरेसे नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लहान मुलांच्या लैंगिक शोषणाची छायाचित्रे बाळगणाऱ्या एखाद्याला अटक झाली की बातमीत त्याची ‘विकृत’ अशी संभावना होते आणि विषय तेथेच संपतो. संताप रास्तच आहे. परंतु माणसे या थराला कशी पोहोचतात, याविषयी गुन्हेशास्त्राने जमवलेली माहिती वाचकांपर्यंत क्वचितच येते.

कॅनडातील मानसशास्त्रज्ञ मायकेल सेटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा अशा ऑनलाइन गुन्हेगारांपैकी साधारण १२ टक्क्यांच्या नावावर पूर्वीच्या प्रत्यक्ष लैंगिक अत्याचाराची अधिकृत नोंद सापडली. मात्र गुन्हेगारांच्या स्वतःच्या कबुलीवर आधारलेल्या अभ्यासांत हेच प्रमाण ५५ टक्क्यांच्या आसपास निघाले. पहिला आकडा दाखवून कोणी या लोकांना निरुपद्रवी ठरवतो, दुसरा दाखवून कोणी सगळ्यांना एकाच मापाने मोजतो. दोघेही चुकतात, कारण पहिल्या आकड्यात तक्रारच न झालेले अत्याचार येत नाहीत आणि दुसरा मोजक्याच अभ्यासांवर उभा आहे.

सेटो प्रेरणा आणि तिला वाट मोकळी करून देणारे घटक वेगळे मानतात. मुलांविषयीचे लैंगिक आकर्षण ही एक प्रेरणा. बेफिकीर, समाजविघातक स्वभाव, नशा आणि मुलांशी एकांताची संधी हे वाट मोकळी करणारे घटक. केवळ ऑनलाइन गुन्हे करणाऱ्यांत आकर्षण अनेकदा तीव्र असते, पण समाजविघातक वृत्ती तुलनेने कमी आढळते. नोकरी करणारा, पूर्वी कधी पोलिसांच्या नजरेत न आलेला माणूसही त्यांत असतो, तो यामुळेच.

आयर्लंडमधील संशोधक मॅक्स टेलर आणि एथेल क्वेल यांनी गुन्हेगारांच्या मुलाखती घेतल्या, तेव्हा संग्रहाची ओढही समोर आली. काही जण फोल्डर लावत, नावे देत आणि मालिकेतले न मिळालेले एखादे छायाचित्र मिळवण्यासाठी आपल्याकडची छायाचित्रे दुसऱ्यांना देत. त्यातले मूल त्यांच्या लेखी केवळ एक फाइल उरते आणि ‘मी तर फक्त पाहिले’ हे समर्थन येथेच सोपे होते. वास्तविक त्या मुलावर अत्याचार झालेला असतो आणि प्रत्येक देवाणघेवाणीत त्याची अवहेलना पुन्हा होते.

बर्लिनच्या शारिटे रुग्णालयात २००५ पासून, मुलांविषयी असे आकर्षण वाटणाऱ्यांना गोपनीयता राखून उपचार दिले जातात. शिक्षेला हा पर्याय नव्हे. पण गुन्हा घडण्याआधी कोणी मदत मागितली, तर एक मूल वाचू शकते. अटकेच्या बातमीखाली अशा मदतीची माहिती दोन ओळींत छापावी, ही आपणांस कळकळीची विनंती.

आपला,
एक वाचक