आम्ही संसार मोडत नाही, घाईनं जोडतो

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या वाचकांच्या पानावर एका गृहस्थांचं पत्र आलं होतं, की या समाजसेवा करणाऱ्या बायका खेड्यापाड्यात जाऊन चांगले चाललेले संसार मोडायला लागल्यात, बायकांना कायदे शिकवतात आणि मग त्या नांदत नाहीत. वाचून आधी राग आला, मग हसू आलं, कारण मी स्वतः सहा वर्षं झाली हे काम करते, एक रुपया न घेता, आणि आमच्यावर आरोप करायचाच असेल तर तो बरोब्बर उलटा करायला पाहिजे. आम्ही मोडत नाही हो, आम्ही घाईघाईनं जोडतो, आणि त्यात बायकांचे हातपाय मोडतात.

मी एसटीत वाहक होते, बीड जिल्ह्यात, गुडघे गेले म्हणून जरा लवकर बाहेर पडले. वाहकाला काय काय दिसतं ते विचारू नका. सकाळच्या पहिल्या गाडीला एखादी बाई चढते, कडेवर लेकरू, वायरची एकच पिशवी, पायात चप्पल नाही, आणि पैसे देताना पदर गालावरून हलू देत नाही. कुठं जायचं विचारलं की गावाचं नाव सांगायला वेळ लागतो, कारण माहेरी जावं का नको हेच अजून ठरलेलं नसतं. मी तिकीट द्यायचे आणि पुढच्या सीटकडं जायचे. अशी किती वर्षं. ते कुठंतरी मनात राहिलं असणार, म्हणून घरी बसल्यावर आमच्या इथल्या बायकांच्या गटात जायला लागले.

माझी पहिली केस सांगते, अजून तोंड कडू होतं. बाई पंचविशीतली, नवरा पिऊन मारायचा, एकदा हात मोडलेला. मी वयानं मोठी, बोलायला धीट, म्हणलं आपण समजूत घालू. दोन्हीकडची माणसं बसवली, चहा झाला, नवरा रडला (ते रडतातच), सासऱ्यानं नातवाच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली, शंभराच्या बॉन्डवर लिहून घेतलं की यापुढं अंगाला हात लावणार नाही, चार पंचांच्या सह्या झाल्या आणि मी स्वतः तिला गाडीत बसवून दिलं. त्या दिवशी मी घरी येऊन दोन घास जास्तच खाल्ले असतील. तीन आठवड्यांनी ती सरकारी दवाखान्यात. मला बघून म्हणाली, मावशी, तुम्ही मला विचारलंच नव्हतं. खरंच नव्हतं विचारलं. नवऱ्याला विचारलं, सासऱ्याला विचारलं, तिच्या भावाला विचारलं, तिला सोडून सगळ्यांना विचारलं.

तो बॉन्ड घेऊन आम्ही ठाण्यात गेलो तर हवालदार म्हणले, बाई, याचं मी काय करू. आणि खरंच त्या कागदावर त्यांना काही करता येत नव्हतं. तेव्हा मला कळलं की २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात मॅजिस्ट्रेटकडून संरक्षण आदेश घेता येतो, आणि तो नवऱ्यानं मोडला तर तो सरळ गुन्हा, १ वर्षापर्यंत कैद किंवा २०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पंचांच्या सह्यांना असलं काही बळ नसतं. आणि त्या पत्रलेखक काकांनी हे तर नक्की वाचावं, की याच कायद्यात बाईला राहत्या घरात राहायचा हक्क दिलाय, घर तिच्या नावावर असो नसो. म्हणजे कायदा तिला घराबाहेर काढायला नाही आला, घरात मार न खाता राहता यावं म्हणून आलाय. आमच्याकडं येणाऱ्या बहुतेक जणी तेच मागतात, मला सोडचिठ्ठी नको, फक्त मार थांबवा.

राहिलं कायदे शिकवायचं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशभरातल्या बायकांना विचारलं होतं, त्यात हिंसा सोसलेल्यांपैकी ७७ टक्के बायकांनी कधी मदत मागितली नाही आणि कुणाला सांगितलंही नाही. चारातल्या तीन जणी तोंडच उघडत नाहीत. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणत बसलोय आपण.

आता मी काय करते म्हणाल तर बसते. खरंच, निम्मं काम बसायचंच आहे. ठाण्यातल्या बाकड्यावर, याच कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याच्या ऑफिसात, कोर्टाच्या व्हरांड्यात. एकटी बाई गेली की तिला सांगतात नवऱ्याला घेऊन ये, समजावून सांगू. शेजारी कुणीतरी वही-पेन घेऊन बसलेलं दिसलं की तीच तक्रार लिहून घेतली जाते, हा माझा अनुभव आहे. मी भांडत नाही. किती वाजता आलो, कोण भेटलं, काय म्हणले, एवढंच लिहिते, वेबिल, म्हणजे वाहकाचा हिशेबाचा कागद, भरायची जुनी सवय. तिच्या आधी बोलत नाही. साहेबानं मलाच विचारलं तर म्हणते, तिला विचारा. हे लिहायला सोपं वाटतं पण माझ्यासारख्या तोंडाळ बाईला ते जमायला दोन वर्षं लागली.

अर्ज दिल्यावर पहिली तारीख साधारण ३ दिवसांत आणि निकाल पहिल्या तारखेपासून ६० दिवसांत लावायचा प्रयत्न करावा असं कायद्यात लिहिलंय. माझ्या बघण्यातल्या केसेसमध्ये साठ दिवसांत नोटीस लागली तरी पेढे वाटावेत. नवरा गावात नाही म्हणून नोटीस परत, साहेब रजेवर म्हणून पुढची तारीख, आणि बाईचा दर वेळेला दिवसाचा रोज बुडतो. मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं, त्यावर लोक जोक करतात, पण त्या अर्ध्या तिकिटावर किती जणी तारखेला पोचल्या ते मी बघितलंय. वकिलाचं पण तसंच, बाईला विधी सेवा समितीकडून वकील फुकट मिळतो, उत्पन्नाची अट नाही, १५१०० ला फोन केला तरी सांगतात, आणि हे शिकल्यासवरल्या बायकांनाही माहीत नसतं.

आपल्याकडं अजून एक भानगड आहे जी पुण्या-मुंबईच्या ट्रेनिंगवाल्या मॅडमना सांगूनही पटत नाही, ती म्हणजे उचल, हंगामाआधी मुकादमाकडून घेतलेले आगाऊ पैसे. ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. उचल घेतली जाते दोघांची, पैसा असतो नवऱ्याच्या हातात, बहुतेक वेळा लग्नात नाहीतर दवाखान्यात खर्चून झालेला. आता बाई मार खाऊन माहेरी आली की कोयता अर्धा झाला, आणि मुकादम तिच्या बापाच्या दारात येतो. बाप आधीच दिल्या घरी सुखी राहा म्हणणारा, वर हे कर्ज. मग तिला परत पाठवतात, पार कोल्हापूर नाहीतर कर्नाटकातल्या फडावर, जिथं कोपीला, म्हणजे पाचटाच्या झोपडीला, धड दार नाही आणि ओळखीचं माणूस नाही. अशा वेळी कामाला येते ती एक गोष्ट, की या कायद्याखाली बाई जिथं तात्पुरती राहते किंवा काम करते तिथल्या कोर्टातही अर्ज करता येतो, तारखेसाठी बीडला यायची गरज नाही. मागच्या हंगामात एकीला आम्ही फोनवरून एवढंच सांगितलं आणि १८१ हा महिला हेल्पलाइनचा नंबर दिला. पुढचं तिनं केलं. नंबर तिनं लेकराच्या वहीच्या मागच्या पानावर दुकानदाराचं नाव टाकून लिहिला होता, मला हे सुचलं नसतं.

बलात्काराच्या केसला मी दोनदाच सोबत गेले आहे, त्यामुळं फार शहाणपणा सांगत नाही. एकदा रात्री खासगी दवाखान्यात आम्हाला म्हणले आधी पोलिसाचं पत्र आणा. नव्या कायद्याचं, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं, ३९७ कलम मी मोबाईलवर मोठ्यानं वाचून दाखवलं, की दवाखाना सरकारी असो का खासगी, उपचार लगेच आणि फुकट द्यायचे आणि पोलिसांना कळवायचं काम त्यांचंच. हात थरथरत होते माझे पण वाचलं. घाई अशासाठी की एचआयव्ही होऊ नये म्हणून द्यायची औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, आणि हद्द आमची नाही म्हणून कुठलंच ठाणं तक्रार नाकारू शकत नाही, झिरो एफआयआर घ्यावाच लागतो. आणि सोबत जाणाऱ्यानं काय झालं, कसं झालं विचारायचं नाही. तिला ते डॉक्टरला, पोलिसाला, कोर्टाला सांगायचंच असतं, चौथ्यांदा माझ्या कुतूहलासाठी कशाला.

मुलगी अठराच्या आतली असेल तर मी बसल्या बसल्या आधी सांगून टाकते, बाळा, हे मी पोटात ठेवू शकत नाही, पोक्सोत, म्हणजे लेकरांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्यात, मला पोलिसांना कळवावंच लागतं. एकदा हे सांगितल्यावर एक पोरगी उठून गेली. आठ दिवसांनी परत आली. मधले आठ दिवस मी झोपले नाही, पण आधी गुपित ठेवते म्हणून नंतर फोन फिरवला असता तर ती परत आलीच नसती.

आता साहेब, तुमच्याकडं वळते, राग मानू नका. तुमच्या पेपरात अशा बातमीत पीडितेचं नाव बदललेलं असतं, पण तालुका, वस्ती, बापाचा धंदा, भाऊ कितवीला आणि आरोपी नात्यानं कोण, सगळं असतं. तीनशे उंबऱ्याच्या गावात अजून काय राहिलं? भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ मध्ये ओळख उघड करायला २ वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि ओळख म्हणजे फक्त नाव नव्हे. तुमच्या बातमीचा फोटो गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतो आणि त्या पोरीची शाळा सुटते.

या कामाला माणसं पाहिजेत, बाप्ये सुद्धा. गाडी चालवायला, झेरॉक्स काढायला, आणि मुख्य म्हणजे बाईच्या भावाशी बोलायला, कारण भाऊ आमचं ऐकत नाहीत, मित्राचं ऐकतात. फक्त एक, बाई परत नवऱ्याकडं गेली की चिडणारा माणूस नको. त्या जातात परत. एकदा, दोनदा, एक तर पाच वेळा गेली. सहाव्यांदा आली तेव्हा आधार कार्ड, रेशनकार्डाची झेरॉक्स आणि लेकराचा दाखला पिशवीत घेऊन आली, कारण तिसऱ्या वेळेला आम्ही तिला न रागावता तेवढं सांगून ठेवलं होतं.

त्या पत्रलेखक गृहस्थांना माझं आमंत्रण आहे, आमच्याबरोबर एक तारीख करा. सकाळची पहिली गाडी, संध्याकाळची शेवटची. डबा सोबत आणा, कोर्टासमोरचा हॉटेलवाला दुपारी झोपतो.

आपली,
एक निवृत्त वाहक, जि. बीड
(नाव-गाव छापू नये. माझ्यासाठी नाही, माझ्या घराकडं बघून कोण आलंय हे कळतं म्हणून.)